हौद्यातली वाळू : बर्फातल्या पिकअपविषयी वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर लागला की अमेरिका-कॅनडातल्या वाचकांची पत्रे एकाच विषयाकडे वळतात : पिकअपच्या रिकाम्या हौद्यात वजन टाकावे का, आणि टाकायचे तर किती, कुठे, कसले. या वेळची पत्रे त्याच विषयावरची आहेत. एक पत्र पुण्याहून आले आहे. नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत. वजने पौंडांत दिली आहेत, कारण तिकडच्या गोण्यांवर आणि गाडीच्या स्टिकरवर पौंडच असतात. किलोचा हिशेब हवा असेल तर आकड्याला २.२ ने भागा.

प्रश्न : डुलुथमध्ये राहतो. यंदा जुनी हाफ-टन पिकअप घेतली, फक्त मागच्या चाकांना जोर असलेली. घर टेकडीवर आहे. चढावर स्टॉपच्या पाटीपाशी थांबलो की निघताना मागची चाके जागच्या जागी फिरतात. शेजारचे काका म्हणतात, वाळूच्या आठ-दहा गोण्या मागे टाक, प्रश्न मिटला. खरेच मिटतो का? — वाचक, मिनेसोटा

उत्तर : निम्मा मिटतो. रिकाम्या पिकअपमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, केबिन हे सगळे जड सामान पुढे, आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. एकूण वजनाचा ५८ ते ६० टक्के भार पुढच्या एक्सलवर पडतो. गाडी ढकलायचे काम मात्र मागच्या चाकांकडे, म्हणून ती बर्फावर फिरतात.

थोडा हिशेब करू. गाडी ५००० पौंडांची धरा, त्यातले मागच्या एक्सलवर २१००. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या ऑल-सीझन टायरची पकड ढोबळ मानाने ०.२५ असते, म्हणजे चाकावरच्या भाराच्या पाव पट. म्हणजे मागची चाके जास्तीत जास्त ५२५ पौंडांचा रेटा देणार. एवढ्या रेट्यावर ५००० पौंडांची गाडी साडेदहा टक्क्यांचा चढ चढते. त्याहून खडा चढ आला की चाक फिरलेच. आता बरोबर एक्सलवर ३०० पौंड ठेवले. रेटा ६०० झाला, पण वर न्यायचे वजनही ५३०० झाले. चढ साडेदहावरून गेला सव्वाअकरावर, एवढेच. त्याउलट हौदा रिकामाच ठेवला, पण खरे हिवाळी टायर लावले आणि पकड ०.३२ मिळाली, तर तीच गाडी साडेतेरा टक्क्यांच्या आसपासचा चढ काढते. खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर टायर घ्या. वाळू स्वस्त आहे म्हणून ती आधी टाकली जाते, आणि टायर राहून जातात.

मग लोकांना गोण्यांचा एवढा फरक का जाणवतो? कारण वरच्या हिशेबात न येणारी एक गोष्ट आहे. पिकअपचे मागचे पाटे हजार-दीड हजार पौंड माल पेलण्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते ताठ राहतात, आणि रस्त्यावर गोठलेल्या गचक्यांवरून मागचे चाक उडते. उडालेल्या चाकाला पकड कसली? ३०० पौंड पडले की पाटे थोडे दबतात आणि चाक रस्त्याला धरून राहते. वळणावर मागची बाजू फेकली जाण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी होते.

किती टाकायचे? एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या हाफ-टन वर्गाच्या गाडीला २४० ते ३६० पौंड, म्हणजे ६० पौंडी गोण्या चार ते सहा. टॅकोमा, कोलोरॅडो, रेंजर अशा मधल्या गाडीला तीन, फार तर चार. तुम्ही पाचावर थांबा. काकांच्या दहा गोण्यांचे ६०० पौंड होतात. तेवढ्याने चढाला अजून थोडी मदत होईल, पण उतारावर थांबायला त्या वजनाचा काही उपयोग नाही.

टाकण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा. माणसे आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, तो आकडा तिथे छापलेला असतो. आकडा १४०० असेल, घरची चार माणसे ६५० पौंड भरत असतील, तर उरले ७५०. त्यातून गोण्या, बर्फ काढायचे यंत्र, आणि ट्रेलर ओढत असाल तर त्याचा हुकावर येणारा भार, सगळे वजा करायचे.

आता जागा. इथेच बहुतेकांचे चुकते. फाळका उघडला की गोण्या तिथेच टाकून मोकळे होतात, कारण वाकून आत ढकलायला कंबर साथ देत नाही. पण फाळक्याजवळचे वजन म्हणजे उलाळ झालेली बैलगाडी : मागे ओझे, पुढे जू वर. दोन एक्सलमधले अंतर १४५ इंच आणि गोण्यांचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० इंच मागे असेल, तर ३०० पौंडांमुळे मागच्या एक्सलवर ३६२ पौंड वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे ६२ कमी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांवर. चढावर गाडी निघाली म्हणून तुम्ही खूश व्हाल, आणि पुढच्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाईल. शिवाय शेपटाकडचे वजन एकदा आडवे झुलले की आवरत नाही.

म्हणून गोण्यांचा मध्य एक्सलच्या बरोबर वर, किंवा केबिनकडे चार-सहा इंच. हौद्यात दोन्ही बाजूंना चाकांवरचे उंचवटे दिसतात, त्यांच्या मधोमध एक्सल असतो. गोण्या त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये आडव्या, एकाच थरात ठेवा. केबिनला लागून आडवी हत्यारपेटी बसवलेली असेल तर तिचे वजनही धरा. ती एक्सलच्या पुढे असल्याने तिच्या वजनाचा साधारण चार पंचमांश भाग मागे येतो, बाकीचा पुढे. ते काही वाईट नाही.

गाडी जुनी आहे, आणि तुमच्याकडे रस्त्यावर मीठ पडते. गोण्या टाकण्याआधी खाली वाकून पाट्यांच्या दोन्ही टोकांचे हँगर आणि त्यांच्या जवळची चासीची पट्टी हातोडीने ठोकून पाहा. ठण् वाजले तर ठीक. भद्द आवाज येऊन गंजाचे पापुद्रे पडले, तर वाळू राहू दे, आधी वेल्डरकडे जा.

एक गोष्ट वजनाने सुटत नाही. साध्या डिफरन्शियलच्या (एक्सलमधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीत एक चाक काचेसारख्या बर्फावर आणि दुसरे कोरड्यावर असेल, तरी बर्फावरचेच फिरत राहणार. तिथे रेस देऊन उपयोग नाही. पाय हलका करा, मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये उचला, आणि जमेल तिथे स्टॉपच्या पाटीच्या थोडे अलीकडे, जिथे रस्ता सपाट आहे तिथे थांबा.

प्रश्न : आमच्या घरी वाद चालू आहे. मी म्हणते गोण्या बांधल्या पाहिजेत. आमचे हे आणि माझा दीर दोघेही म्हणतात, साठ-साठ पौंडांच्या गोण्या, त्या कुठे जातात? निकाल तुम्ही द्या. — वाचक, बफेलो

उत्तर : निकाल तुमच्या बाजूने, खर्चासकट.

गोणी हौद्याला धरून राहते ती केवळ घर्षणाने. रबरी चटईवर ते बऱ्यापैकी असते. बेडलायनरवर, म्हणजे हौद्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर, कमी, आणि लायनरवर पाणी गोठले असेल तर जवळजवळ शून्य. साध्या जोरदार ब्रेकला ती केबिनच्या भिंतीपर्यंत सरकेल. धडक झाली तर हिशेब वेगळा : ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एखाद्या गोष्टीवर आदळून थांबली, तर सुट्या गोणीकडे दहा मीटर उंचीवरून पडल्याइतकी ऊर्जा असते. मध्ये अडथळा मागच्या काचेचा. काँक्रीटचे ठोकळे, जुने डंबेल, लोखंडी पट्ट्या यांना तर आम्ही सरळ नाहीच म्हणू. वाळूची गोणी निदान आपटल्यावर पसरते, लोखंड पसरत नाही.

चौकट करायला तासभर पुरतो. बहुतेक पिकअपच्या हौद्याच्या बाजूच्या पत्र्यात, चाकाच्या उंचवट्यांच्या पुढे आणि मागे, उभ्या खाचा असतात. त्या आडव्या फळ्या बसवण्यासाठीच दिलेल्या आहेत, पण कित्येक मालकांना वर्षानुवर्षे त्यांचा पत्ता नसतो. दोन-बाय-सहाची फळी आणा (प्रत्यक्षात ती दीड इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद भरते). समोरासमोरच्या खाचांमधले अंतर मोजा, पाव इंच कमी कापा, आणि फळी उभ्या कडेवर खाचेत सोडा. एक उंचवट्यांच्या पुढे, एक मागे. खाचा नसतील तर या दोन आडव्या फळ्यांना उंचवट्यांच्या आतल्या बाजूने, गाडीच्या लांबीच्या दिशेने, दोन फळ्या तीन इंची डेक-स्क्रूने जोडा, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. हा आयत उंचवट्यांमध्येच अडकतो आणि पुढेमागे हलत नाही. हाफ-टन गाडीत उंचवट्यांमधले अंतर ४८ इंचांहून थोडे जास्त असते, तेव्हा मोजल्याशिवाय कापू नका.

लाकूड साधे घ्या. बाहेरच्या डेकसाठी मिळणाऱ्या रसायन मुरवलेल्या लाकडात तांबे असते, आणि ॲल्युमिनियमला ते ओलसरपणात खाते. २०१५ पासूनच्या एफ-१५० चा हौदा ॲल्युमिनियमचा आहे. साध्या लाकडाला रंगाचे दोन हात द्या, चार हिवाळे जातील.

चौकट गोण्यांना सरकू देत नाही, वर उडण्यापासून मात्र वाचवत नाही. त्यासाठी वरून दोन पट्टे, फुलीच्या आकारात, हौद्याच्या कोपऱ्यांतल्या कड्यांना. एक इंची रॅचेट पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटण्याचा आणि वापरायचा. वापरायचा बहुधा ५०० पौंड असतो, तोच धरायचा. पट्टा गोण्यांवर थेट ताणला तर विणलेले प्लास्टिक चिरते, म्हणून मध्ये प्लायवुडचा तुकडा किंवा जुनी चटई घाला. बांधल्यावर आठ-दहा मैलांनी थांबून पुन्हा आवळा. वाळू बसते आणि पट्टा सैल पडतो. महिन्यातून एकदा रॅचेटचे दात पाहा. त्यात मिठाचे पाणी जाऊन ते गोठले की पट्टा सोडवायला चाकूच लागतो.

प्रश्न : तळघरात पाणी मृदू करायच्या यंत्राचे मीठ आहे, ४० पौंडांच्या आठ पिशव्या. वेगळी वाळू आणण्यापेक्षा तेच ठेवले तर? नाहीतर हौद्यात बर्फ साचतोच, तोच राहू द्यावा का? — वाचक, ग्रँड रॅपिड्स

उत्तर : मीठ नको. पिशवीला एक भोक पडले की हौद्याच्या सांध्यासांध्यांत खारे पाणी जाते. रस्त्यावरचे मीठ खालून गाडी खातेच आहे, वरूनही कशाला? एरवी यंत्रात ओतायचे ते मीठ दुकानातून घरी नेताना दोन दिवस मागे राहिले तर हरकत नाही.

बर्फही नको. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलोच भरतो, म्हणजे काठोकाठ भरलेला दिसतो आणि वजन मात्र फारसे नाही. तो दबून, वितळून, पुन्हा गोठून जड होतो तेव्हा लादी होते, आणि ती फाळक्याकडे सरकून बसते. म्हणजे नेमक्या नको त्या जागी. वाऱ्याने त्याचे ढेकूळ मागच्या गाडीच्या काचेवर गेले तर दंड वेगळा.

पाणी भरायच्या पिशव्याही मिळतात, खास हौद्याच्या मापाच्या. उतरवायला सोप्या, बूच उघडले की झाले. पण अर्धवट भरल्या तर पाणी हेलकावते, आणि गोठल्यावर वसंतापर्यंत रिकाम्या होत नाहीत. गोठून फुगायला कंपनीने सांगितली तेवढीच जागा सोडायची, बाकी पूर्ण भरायच्या. आमची पसंती वाळूलाच. दुकानात ‘ट्यूब सँड’ म्हणून लांबट नळीसारख्या गोण्या मिळतात, बहुधा ६० पौंडांच्या. ऑक्टोबरातच घ्या. पहिल्या बर्फानंतर एकतर संपतात, नाहीतर दुकानाबाहेर भिजून दगड झालेल्या मिळतात.

वाळू आवडत नसेल तर घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात ती पाऊण इंच जाडीची रबरी चटई पाहा. चार फूट बाय सहा फुटांची एक चटई १०० पौंडांच्या जवळपास भरते. ती सपाट राहते, उन्हाळ्यातही चालते, आणि तिच्यावर ठेवलेल्या गोण्या घसरत नाहीत. एक चटई आणि दोन गोण्या, ही मधल्या गाडीला उत्तम जोडी.

प्रश्न : कॅलगरीत आहे. माझी पिकअप फोर-बाय-फोर आहे, तरी वजन टाकावे का? आणि चिनूकचे उबदार वारे सुटून रस्ते कोरडे झाले की ४-एच मध्ये (चारही चाकांना जोर) ठेवलेले चालते का? मुले स्कीइंगला नेतो, गोल्डनपर्यंत जावे लागते. — वाचक, अल्बर्टा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. तुमच्या गाडीत २-एच (दोन चाकांना जोर), ४-एच, ४-एल (चारही चाकांना, संथ वेगासाठी) एवढेच असेल आणि ‘ऑटो’ नसेल, तर कोरड्या रस्त्यावर ४-एच नको. त्यात पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बर्फावर तो फरक चाक जरासे घसरून भागवते, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते, उड्या मारल्यासारखी चालते, आणि सगळा ताण पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या साखळीवर जातो. रस्ता एकसारखा पांढरा असेल तेव्हाच ४-एच. ‘ऑटो’ असेल तर मिश्र रस्त्यावर तेच ठेवा.

वजन? चारही चाकांना जोर आहे, तेव्हा निघण्यासाठी त्याची गरज कमी. मागची बाजू हलकी वाटत असेल, गचक्यांवर उडत असेल, तर १५० ते २०० पौंड एक्सलवर ठेवा, अधिक नको. पण चारचाकी जोराने एक भ्रम तयार होतो, त्याचा हिशेब मांडतोच. गाडी झटकन निघते, म्हणून वाटते रस्त्याला पकड आहे. थांबताना सगळ्याच गाड्यांना चारच चाके असतात, जोर कुठल्या चाकांना आहे याला ब्रेक विचारत नाही. ताशी ४० किलोमीटरवरून घट्ट बर्फावर, ०.२५ पकडीने, गाडी सुमारे २५ मीटरमध्ये थांबते. ०.३२ पकडीच्या हिवाळी टायरने २० मीटरच्या आत. साडेपाच मीटरचा हा फरक म्हणजे जवळजवळ एक अख्खी पिकअप. निव्वळ बर्फाच्या काचेवर, ०.१ पकडीला, ६० मीटरच्या वर.

यात वजनाचे काय? चाकावरचा भार वाढला तर ब्रेकची पकड त्याच प्रमाणात वाढते, आणि थांबवायचे वजनही त्याच प्रमाणात. फिटंफाट. वाळूने गाडी लवकर थांबते हे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही.

गोल्डन ब्रिटिश कोलंबियात येते, आणि तिथल्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टायरच्या बाजूवर एम+एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे चिन्ह किंवा तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण असला पाहिजे, आणि नक्षीची खोली किमान ३.५ मिलिमीटर. दोहोंपैकी हिमकणाचेच घ्या. एम+एस हे चिन्ह बर्फावर चाचणी न करताही लावता येते. वाचकांपैकी कोणी क्वीबेकात असेल तर तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने लागतात. अल्बर्टात सक्ती नाही, पण सक्ती नसली म्हणून बर्फ कमी निसरडा होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०२३ ची मॅव्हरिक हायब्रिड आहे. किती गोण्या? — वाचक, ओहायो

उत्तर : एकही नाही. त्या वर्षीच्या हायब्रिड मॅव्हरिकमध्ये जोर पुढच्या चाकांना आहे, आणि इंजिन त्यांच्याच डोक्यावर. हौद्यात एक्सलच्या मागे वजन टाकले तर पुढची चाके हलकी होतील, म्हणजे पैसे खर्चून पकड घालवणे. गाडीच्या नावापुढे पिकअप लिहिले आहे म्हणून वाळू लागत नाही. आधी जोर कुठे आहे ते पाहा. विजेवर चालणाऱ्या पिकअपवाल्यांनाही हेच : बॅटरी खाली, मधोमध, आणि गाडी मुळातच सहा-सात हजार पौंडांची. तिला टायर द्या, वाळू नको.

प्रश्न : शेजाऱ्यांचे ड्राइव्हवे साफ करायला पुढे फाळ लावला आहे, बर्फ ढकलायचा. फाळाच्या पुस्तिकेत लिहिले आहे की वजन मागच्या एक्सलच्या मागे, फाळक्यापाशी ठेवा. सगळीकडे तर एक्सलच्या वर ठेवा म्हणतात. खरे काय? — वाचक, ऑन्टॅरिओ

उत्तर : दोन्ही खरे, कामे वेगळी. एरवी आपण मागच्या चाकांवर भार वाढवत असतो. फाळ लावल्यावर काम असते पुढच्या एक्सलवरचा जादा भार उचलण्याचे, आणि ते एक्सलच्या मागे ठेवलेल्या वजनानेच होते.

आकड्यांत पाहा. फाळ ६०० पौंड, त्याचा मध्य पुढच्या एक्सलच्या ५० इंच पुढे, एक्सलमधले अंतर १४५ इंच. फाळ उचलला की पुढच्या एक्सलवर ६०० नव्हे, ८०७ पौंड वाढतात, आणि मागच्यावरचे २०७ उडतात. आता फाळक्यापाशी, एक्सलच्या ४० इंच मागे ४०० पौंड ठेवले, तर पुढचे ११० कमी होतात आणि मागे ५१० वाढतात. दाराच्या चौकटीवर प्रत्येक एक्सलची मर्यादा वेगवेगळी छापलेली असते, पुढची ओलांडली तर बॉल जॉइंट आणि बेअरिंग आधी जातात. तुमच्या गाडीला नेमके किती वजन हवे ते पुस्तिकेतल्या तक्त्यावरून घ्या. हौद्यात मीठ-वाळू पसरायचे यंत्र असेल तर ते भरलेले आणि रिकामे, दोन्ही वजने तपासा. आणि फाळ काढला की फाळक्याचे वजनही त्याच दिवशी काढा. फाळ गॅरेजमध्ये आणि ४०० पौंड शेपटाला, अशा गाडीने हायवेवर जाऊ नये.

प्रश्न : पुण्याहून जानेवारीत स्पितीला निघतोय, किन्नौरच्या बाजूने. गाडी इसुझूची फोर-बाय-फोर पिकअप, व्ही-क्रॉस, तिघे जण. तिकडे ट्यूब सँड कुठून आणू? — वाचक, कोथरूड

उत्तर : आणायची गरज नाही. तिघांचे सामान, जास्तीचे डिझेल, हत्यारे, दोर, फावडे मिळून शंभर-सव्वाशे किलो सहज होतात. तेच वजन. फक्त रचना नीट करा : जड ते एक्सलवर आणि तळाला, हलके ते फाळक्याकडे, वरून जाळी आणि पट्टे. एवढे करूनही मागची बाजू हलकी वाटली तर सिमेंटची रिकामी गोणी वाळूने भरा. काठोकाठ भरली तर ५५ किलोच्या आसपास होते. दोन पुरेत, आणि एकट्याने उचलायची असेल तर निम्मी-निम्मी भरा. गाडीची भारक्षमता पुस्तिकेत पाहून घ्या, माणसे त्यात धरतात.

तुम्हाला वाळूपेक्षा साखळ्या जास्त उपयोगी पडतील. पुस्तिकेत सांगितलेल्या चाकांवरच लावा (अशा गाड्यांत बहुधा मागच्या), आणि त्या टायरच्या मापाच्या आहेत का ते पुण्यातच एकदा बसवून बघा. शून्याखाली, हातमोजे घालून पहिल्यांदा शिकायचा तो प्रकार नाही. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा आवळा, वेग तीसच्या आत ठेवा. रस्त्यावरून ओहोळ जातात तिथे सकाळी पारदर्शक बर्फ असतो. उतारावर तिथे पोहोचण्याआधीच ४-एल आणि खालचा गिअर टाका, बर्फावर पोहोचल्यावर नव्हे.

थोडक्यात उत्तरे

*हवा किती ठेवावी? (दोन पत्रे)* स्टिकरवर आहे तेवढी, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजून. तापमान दर १० अंश फॅरनहाइट उतरले की साधारण १ पीएसआय कमी होते. ऑक्टोबरात ६० अंशांना भरलेली हवा उणे १० ला सात पीएसआयने कमी भरेल. बर्फात हवा कमी ठेवली की पकड वाढते, ही वाळवंटातल्या वाळूची युक्ती आहे. बर्फ बाजूला काढलेल्या रस्त्यावर ती लावू नका.

*समोरचे सगळे दिवे मारतात.* मागे वजन पडले की नाक वर होते आणि दिव्यांचा झोतही. गोण्या टाकण्याआधी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून झोताच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावा, वजन टाकल्यावर तुलना करा, आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून पूर्वीच्या रेघेवर आणा.

*मायलेज किती पडते?* दर १०० पौंडांमागे सुमारे एक टक्का. मोठ्या गाडीत त्याहून थोडे कमीच. हिवाळ्याचे चार महिने हरकत नाही, जुलैत त्याच गोण्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

*अडकल्यावर हीच वाळू चाकाखाली टाकता येईल ना?* येईल, कोरडी असेल तर. हौद्यातली गोणी जानेवारीत बहुधा दगड झालेली असते. म्हणून झाकणाच्या बादलीत दहा-बारा पौंड कोरडी वाळू केबिनमध्ये वेगळी ठेवा. जोर असलेल्या चाकांच्या पुढे हातभर लांब पट्टा पसरा, मग हलक्या पायाने निघा. मांजराच्या शौचपेटीत घालतात ती माती वापरायची असेल तर गोळे न होणारी घ्या. गोळे होणारी ओली झाली की साबणासारखी होते. आणि अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसायचे असेल तर आधी उतरून सायलेन्सरचे तोंड बर्फातून मोकळे करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

*गोण्या फाटतात, गोठून हौद्याला चिकटतात. उपाय?* प्रत्येक गोणी बांधकामाच्या कचऱ्यासाठी मिळते त्या जाड काळ्या पिशवीत घाला आणि तोंड दुमडून खाली दाबा. उन्हाने विणलेले प्लास्टिक एका उन्हाळ्यातच कुजते, म्हणून एप्रिलात उतरवून सावलीत, लाकडी फळीवर रचा. उतरवल्यावर चटई उचला, हौद्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोके तारेने मोकळी करा, आणि पाण्याचा पाइप लावून गाळ खालपर्यंत वाहून जातो का ते पाहा.